तर्जनीशिवाय

सारातोव, ४ सप्टेंबर १९१६

इग्नातची आई आली होती. बाजारातून थेट, अंगाला खारवलेल्या काकड्यांचा वास. "पावेल गेरासिमोविच, आता एकुलत्या पोरांनाही सैन्यात उचलतायत. आमचा नंबर कधीही लागेल." मी म्हटलं, मी काय करू बाई? तर तिने आपला उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला, तर्जनी पुढे करून. "हे बोट नसलं की बंदुकीचा चाप ओढता येत नाही. परत पाठवतात. तुम्ही एवढंच सांगा, तर्जनी गेली तरी त्याला व्हायोलिन वाजवता येईल ना?"

हाकलूनच दिली तिला. तो हात मी घडवलाय — लहानपणापासून! आणि मलाच विचारते.

५ सप्टेंबर

व्हायोलिनच्या गजाचा सगळा भार तर्जनीवर. ती गेली की सूर गेला. तरी दार लावून करून पाहिलं — तर्जनी उचलून, भार मधल्या बोटावर. मांजर कोंडल्यासारखं वाजलं. बरं झालं.

८ सप्टेंबर

आज तर्जनीशिवायही चांगलं वाजलं. घाम फुटला.

११ सप्टेंबर

वर्गात इग्नातला म्हटलं, तर्जनी वर धरून वाजव. कारण सांगितलं नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाजवू लागला. शेजारी साव्वा — त्याच्याच वयाचा, पण डोक्यात नुसती राळ. इग्नात करेल ते करायचं, एवढीच त्याची विद्या. त्यानेही बोट उचललं. "नवा धडा आहे का, पावेल गेरासिमोविच?"

"हो. वाजव गपचूप."

आता रोज हेच.

१९ सप्टेंबर

इग्नात वर्गानंतर थांबला. "आईने तुम्हाला गाठलं ना? नका शिकवू हे. आमच्या गल्लीतली सगळी पोरं गेली. त्यांच्या आयांसमोरून मी व्हायोलिनची पेटी मिरवत फिरू?"

मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं. मग मलाच रडू आलं. त्यानेच मला पाणी आणून दिलं.

२ ऑक्टोबर

इग्नात गेला. दहाही बोटं घेऊन. स्टेशनवर त्याची आई माझ्याशी बोलली नाही. आणि मला हायसं वाटलं, त्याच्या हाताला मी काही केलं नाही म्हणून. स्वतःचीच किळस येते. तो परत येईल असं मला वाटत नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी साव्वाचा बाप दारात. आत यायला तयार नाही. साव्वालाही बोलावणं आलं होतं — काल त्याने कुऱ्हाडीने तर्जनी तोडून घेतली. दवाखान्यात पोलीस बसलेत. कुणी शिकवलं, विचारतायत.

"त्याने खरं तेच सांगितलं हो," बाप टोपी चुरगळत म्हणाला. "पावेल गेरासिमोविचनी, सगळ्या वर्गासमोर."