करुणाच्या नावाचं ताट

१२ जून १९७८, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. वक्त्याला एक तरी जागा अशी हवी, जिथं टाळ्यांसाठी बोलावं लागत नाही.
आमच्या सुनेत्राचं नाव मिशन कॉलेजात घातलं. म्हणायला कॉलेज, पण वर्ग आठवीपासून आहेत. ती आठवीत. नातेवाइकांत खळबळ. गंगाखेडहून मावशी मुद्दाम आल्या, म्हणाल्या, पोरगी बाटवायला धाडायलास का रे अप्पा. त्यांना ख्रिस्ती मिशनांचं शैक्षणिक कार्य पहिल्यापासून समजावलं. बोलून झाल्यावर पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. म्हणजे शंका फिटली.
सौ. कमलला वाटतं, शाळा घराजवळ आहे म्हणून निवडली. तसं नाही. तत्त्व म्हणून निवडली. तिथं मुली जात न विचारता एका रांगेत जेवतात. समता भाषणात नको, आचरणात हवी, हे मी कित्येक वर्षं भाषणांतून सांगतो आहे.
संकल्प: पहाटे उठणे. तंबाखू बंद. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं परभणीत पहिली जाहीर सभा माझी.

१३ जून
तंबाखू सोमवारपासून बंद करावी. मधल्या वारी सोडलेली टिकत नाही.

१७ जून, शनिवार
शाळेत पालकसभा. मुख्याध्यापिका रणनवरे बाई मूळच्या जालन्याकडच्या. कमी बोलतात. शिक्षण क्षेत्रात असून हे कसं जमतं कळत नाही.
इथली एक पद्धत फार आवडली. हॉस्टेलच्या मुली दर रविवारी गावातल्या एकेका घरी जेवायला जातात. वर्षभर तेच घर. मुली त्याला रविवारचं घर म्हणतात. नव्या मुलींना कोण घर देणार, असं बाईंनी विचारलं. मी ताबडतोब उभा राहिलो. थोडक्यात बोललो. मधे घंटा झाली, पुन्हा एकदा झाली. खाली बसताना बाई म्हणाल्या, नुसता हात वर केला असता तरी चाललं असतं. त्यांना संकोच वाटला असावा.
आमच्या वाट्याला करुणा आली. सुनेत्राच्याच बाकावरची. सोनपेठकडच्या एका खेड्यातली. वडील नाहीत, आई सरजाबाई मजुरी करते. बौद्ध आहेत. हे बाईंनी सांगितलं नाही, आडनावावरून कळलं. मला जात विचारायची सवय नाही. आडनाव विचारायची आहे.

१८ जून, रविवार
कमल विरोध करणार हे गृहीत धरून काल बसून मुद्दे काढले होते. सकाळी सुरुवात केली. पहिल्या मुद्द्यालाच ती म्हणाली, लेकरू आहे, जेवू घालायचं. त्यात एवढं काय. वांगी आणा जाता जाता.
इतकी तयारी वाया. बायकांना वैचारिक संघर्षाची गोडी नाही.
करुणा आली. सडपातळ, दोन वेण्या, जिन्याच्या पायरीखाली चपला काढून तिथंच उभी. स्वयंपाकघरात धूर होतो म्हणून मी तिचं ताट जिन्यालगतच्या ओसरीवर मांडायला सांगितलं. मोकळी हवा. सुनेत्रा आपलं ताट उचलून तिच्याशेजारी जाऊन बसली. मला वारा बाधतो, म्हणून मी आत.
एकूण कार्यक्रम यशस्वी.

१९ जून
सोमवार होता, पण ऑफिसात ऑडिट निघालं. तंबाखूशिवाय ऑडिट देणं हा शासनाशी द्रोह ठरेल.

२४ जून
रात्रभर विचार करत होतो की करुणाचा सन्मान कसा करावा. आज भांड्यांच्या दुकानात गेलो. स्टीलचं ताट, वाटी, पेला. नाव घालणाऱ्याकडून ताटावर घालून घेतलं: कु. करुणा यांस सप्रेम भेट. त्यानं विचारलं, लग्न कधी आहे. म्हटलं, लग्न नाही, क्रांती आहे. त्यानं विचारलं, तेही घालू का.
आमच्या घरातल्या भांड्यांवर कुणाकुणाच्या आहेराची नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं वारली. एका जित्या मुलीचं नाव आज पहिल्यांदा. नामांतराच्या भाषणात हा पॉइंट घेणे: नाव घालणं म्हणजे माणसाला माणूस म्हणून मान्य करणं. (इथं थांबणे. टाळ्या.)

२५ जून, रविवार
ताट छोट्या भाषणासह अर्पण केलं. करुणानं ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, काका, आमच्या गावात हाटेलात बी आमच्यासाठी येगळी कपबशी हाय. पण तिच्यावर नाव न्हाई.
फरक तिच्या लगेच लक्षात आला. पोरगी हुशार आहे.
जेवण झाल्यावर तिनं आपलं ताट आपण घासलं आणि कुठं ठेवू विचारलं. ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवायला सांगितलं, म्हणजे कुणाच्यात मिसळणार नाही. कमल काही बोलली नाही. संमती.

९ जुलै, रविवार
आज करुणा सुनेत्राच्या ताटात जेवत होती आणि सुनेत्रा करुणाच्या. मी सौम्यपणे म्हणालो, ज्याची वस्तू त्यानं वापरावी, ही शिस्त आहे. सुनेत्रा म्हणाली, बाबा, माझ्या ताटावर कुठल्यातरी दगडूशेठचं नाव आहे. ते आले होते का कधी जेवायला.
तिला म्हटलं, तर्कशास्त्र तुला अजून पुढच्या वर्गात आहे.
मुलगी या शाळेत गेल्यापासून बोलायला लागली आहे. माझ्यावर गेली. फक्त विषयांची निवड चुकते.

१६ जुलै, रविवार
आमटी सगळी ओरपली तेव्हा ताटाच्या तळाशी अक्षरं दिसली. कु. करुणा. कमलनं मला तेच ताट वाढलं होतं. कोनाडा रिकामा. विचारलं तर म्हणाली, घासताना मिसळलं, आता कुणाकुणाचं निवडत बसू. तिनं वर भात वाढला. माझं पोट सकाळपासून बिघडलेलं होतं. उठलो.
दारात सुनेत्रा उभी होती. पोट कसं आहे, असं काही तिनं विचारलं नाही.

१८ जुलै
पोट ठीक. नवीन तांब्या आणला, माझ्यापुरता. वक्त्यानं घसा सांभाळायला हवा.

२७ जुलै, गुरुवार
रेडिओवर बातमी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. डोळे भरून आले. ऑफिसात सगळे एकदम गप्प झाले, मग एकदम बोलायला लागले. मी काही बोललो नाही. मोठा वक्ता किरकोळीत बोलत नाही.
रविवारी चौकात सभा घेणार. भाषण उभं राहिलं आहे. शेवट असा: उद्या या मातीतल्या शेवटच्या झोपडीवर हात पडला, तर पहिला हात माझ्या घरावर पडू द्या. (इथं बराच वेळ थांबणे.)
आरशासमोर करून पाहिलं. सुनेत्रा दारातून ऐकत होती. म्हणाली, हे छान आहे बाबा. पहिल्यांदाच म्हणाली.

२८ जुलै
गाव बंद. एस.टी. बंद. स्टेशनकडं दगडफेक. सभा पुढं ढकलली. श्रोते घराबाहेर पडू शकत नसताना भाषण करणं ही आत्मप्रौढी.

२९ जुलै, शनिवार
खेड्यांतून वाईट बातम्या. घरं जाळली म्हणतात.
संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे घरमालक दत्तराव वर आले. खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, अप्पाराव, तुमी लय शिकलेले. मी काय शिकवावं तुमाला. पण मकान माझं हाय. पेटलं तर तुमी बदली मागून जाताल, मी कुठं जाऊ. उद्या ती पोरगी यायची हाय का जेवायला.
त्यांना खणखणीत उत्तर दिलं. म्हणालो, बघू.

३० जुलै, रविवार
सगळं नीट लिहिलं पाहिजे. पुढं कुणी विपर्यास करायला नको.
सुनेत्रा सकाळी नेहमीसारखी करुणाला आणायला गेली. परत आली ती रणनवरे बाईंना घेऊनच. करुणाच्या हातात पत्र्याची पेटी. हॉस्टेलवर काल दगड पडले. गावं शांत होईपर्यंत प्रत्येक मुलीला तिच्या रविवारच्या घरी ठेवायचं बाईंनी ठरवलं आहे. करुणाच्या गावाकडून काही निरोप नाही. पोरगी रडत नव्हती, पेटीची कडी मुठीत धरून उभी होती.
दत्तराव खालच्या पायरीवर आले होते.
मी बोललो. शांतपणे, मुद्देसूद. म्हणालो, बाई, माझी भूमिका आपण जाणता. तिच्यामुळंच माझं घर आज या मुलीसाठी सर्वांत असुरक्षित आहे. नामांतराचा पुरस्कर्ता म्हणून लोकांचा माझ्यावर डोळा असणार. तिच्याच हितासाठी मला हा कठोर निर्णय घ्यावा लागतो. माझ्या काळजाला काय पीळ पडला आहे ते मलाच ठाऊक.
बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, अप्पाराव, तुम्ही नामांतरावर बोललात कुठं. मी ऐकलं नाही.
म्हटलं, बोलणार आहे.
सुनेत्रानं करुणाच्या हातातून पेटी घेतली. मला वाटलं आत आणते आहे. ती आत गेली ती पेटी दारातच ठेवून. आपले दोन ड्रेस आणि दप्तर पिशवीत भरून बाहेर आली, पेटी उचलली आणि करुणाचा हात धरून बाईंच्या मागं जिना उतरली. दत्तराव भिंतीला लागून उभे राहिले. कमल भाकरी फडक्यात बांधून धावत खाली गेली.
मी खिडकीतून सुनेत्राला हाक मारली. घसा बसला होता. रस्त्यावर ऐकू गेली नसेल.

३१ जुलै
डॉक्टरांना घसा दाखवला. ते म्हणाले, काही नाही. मिठाच्या गुळण्या चालू.

२ ऑगस्ट
दोन्ही मुली बाईंच्या क्वार्टरमध्ये आहेत. राग आहे सुनेत्राला, दोन दिवसांत निवळेल. कळवलं नाही तरी येईल.

५ ऑगस्ट, शनिवार
निवळला नाही. कमल रोज डबा घेऊन जाते. येऊन स्वयंपाकाला लागते, काही सांगत नाही. आज सांगितलं. करुणाचं घर जळालं. सरजाबाई शेताशेतांतून चालत परभणीला आल्या, हॉस्टेलात आहेत. कमलचे हात धरून म्हणाल्या, बाई, माझी लेक तुमच्या घरी जेवली, तुमच्या लेकराचं भलं होईल.
हे सांगताना कमल माझ्याकडं बघत नव्हती.
वाक्य फार बोलकं आहे. भाषणासाठी टिपून ठेवलं. नंतर खोडलं. नंतर पुन्हा लिहिलं.

९ ऑगस्ट
गाव शांत. एस.टी. सुरू. ऑफिसात माणिकराव म्हणाले, अप्पाराव, तुमची सभा व्हायची होती ना. म्हटलं, जखमा ताज्या असताना बोलू नये. ते म्हणाले, बराबर आहे, जखमा जुन्या झाल्यावर बोला. हसले. माणिकरावांची वैचारिक पातळी बेताची.

१४ ऑगस्ट, सोमवार
शाळेत गेलो. स्वातंत्र्यदिनाला समतेवर बोलायची तयारी दाखवली. रणनवरे बाई म्हणाल्या, यंदा झेंडावंदन करून मुलींना खाऊ वाटणार आहोत, भाषण ठेवलेलं नाही.
मग म्हणाल्या, सुनेत्राला हॉस्टेलला राहायचं आहे. आईंनी सही केली आहे.
कमलनं मला विचारलं नव्हतं. मी पालकत्वाचा कायदेशीर मुद्दा मांडायला घेतला. बाई म्हणाल्या, तुम्ही तिला न्यायला आला असाल तर ती वर्गात आहे, बोलावते.
बोलावू नका म्हणालो. वर्गाचा खोळंबा नको. खिडकीतून पाहिलं. दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. सुनेत्रानं वर पाहिलं असं वाटलं. पाहिलं नसेल.

१६ ऑगस्ट
ऑफिसात सांगितलं, मुलीला मीच हॉस्टेलला ठेवली. शिस्तीसाठी.

१९ ऑगस्ट, शनिवार
पहाटे एकदम सुचलं. सुनेत्रा आता हॉस्टेलची मुलगी. म्हणजे तिलाही रविवारचं घर लागणार. आपण ते घर व्हायचं. करुणालाही बोलवायचं, दोघींना आत, स्वयंपाकघरात, माझ्या पंक्तीला बसवायचं. दत्तरावांना काय वाटायचं ते वाटो.
शाळेत गेलो. एक शब्द न बोलता हात वर केला. बाई ऑफिसात एकट्याच होत्या, त्यांना कळेना मी काय करतो आहे. मग सांगावं लागलं.
त्या म्हणाल्या, झालं त्यानंतर आता घरं मुलींनीच निवडायची असं ठरलं आहे. सुनेत्रानं आणि करुणानं मिळून लिंबाजी कंपाउंडरांचं घर सांगितलं आहे.
लिंबाजी कंपाउंडर. ज्या माणसाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत.
बाईंना विचारलं, त्या दिवसांत त्यांच्याकडं कोण मुली होत्या. म्हणाल्या, जिला घर नव्हतं ती प्रत्येक.

२० ऑगस्ट, रविवार
कमल सकाळीच लिंबाजींकडं गेली, त्यांच्या बायकोला पोळ्या लाटू लागायला. मी येऊ का, असं तिला विचारलं नाही.
काल बाईंकडं निरोप ठेवला होता. पुढच्या रविवारी मला तिथं येऊ द्यावं. भाषण करणार नाही, समजावणार नाही, तोंड उघडणार नाही. नुसता बसेन.
दुपारी शिपाई उत्तर घेऊन आला. बाई म्हणतात, मुलींना विचारून कळवते.
संध्याकाळ झाली. अजून कळवलेलं नाही.