रोमचा सेन्सॉर, मुक्काम राहुरी तालुका

१६ मे, सकाळी ७
जनगणनेची ड्युटी लागली. शाळेतले बाकीचे गुरुजी कुरकुरताहेत. मी खूश. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर नावाचे अधिकारी असत. ते माणसं मोजत आणि वाईट चालीच्या माणसाच्या नावापुढे खूण करत. मोठमोठे सरदार त्यांना टरकून असत. सरकारने मला निम्मंच काम दिलंय, उरलेलं मी स्वखुशीने करणार. लाल वही आणली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचाय. वही भरली की ते पद माझंच. हेलनला सांगितलं. बायको असून ती म्हणाली, आधी दळण आणा.

१७ मे
अकरा घरं. छत कशाचं, पाणी कुठलं, हे मोबाईलमध्ये. भांडणं कशावरून, हे वहीत. कडूबाई सुनेबद्दल तासभर वाईट बोलल्या. खूण केली. चहा चांगला होता, तो धरला नाही.

१८ मे
दळण राहिलं.

२४ मे
अजिनाथ म्हणाला, थोरला भाऊ कारभारी दरसाल बांध कोरतो, आमची दोन सऱ्यांची जमीन खाल्ली. कारभारीला सुधारायची संधी मिळावी म्हणून हे शब्दशः कळवलं. कडूबाईंच्या सुनेलाही सासूचं मत वाचून दाखवलं.

२५ मे
कारभारी सुधारला नाही. दोघा भावांची बांधावरच जुंपली. कडूबाईंची सून माहेरी गेली. दबलेले तंटे वर येताहेत. तंटेच नसतील तर समिती मिटवणार काय? प्रगती आहे.

२ जून
सुपरवायझरचा फोन. लोकांची माहिती गोपनीय असते म्हणाले. मी म्हटलं, मोबाईलमधली गोपनीय, वहीतली नाही. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

४ जून
आज स्वतःचं घर. भांडणं होतात का? नाही. हेलन चार दिवस बोलतच नाहीये, त्यामुळे प्रश्न येत नाही.

१४ ऑगस्ट
भाषण पाठ. शर्टाला स्वतः इस्त्री केली, कॉलर जळाली. कारभारी आणि अजिनाथ एकाच मोटरसायकलवरून जाताना दिसले. माझ्या कामाचं फळ. डोळे भरून आले.

१५ ऑगस्ट, दुपार
निवड एकमताने झाली. कडूबाई. कारभारीने नाव सुचवलं, अजिनाथने अनुमोदन दिलं, सुनेने हार घातला. कडूबाई म्हणाल्या, गावात आता एकच तंटा ऱ्हायलाय, त्योबी मिटवू. अर्ज सत्तावीस आलेत, सगळे पॉल गुरुजींच्या विरोधात. म्हणजे माझ्या. सुनावणी रविवारी, चर्च सुटल्यावर. माझी सोय बघून वेळ ठेवली म्हणाल्या. अर्ज वाचायला दिले. सव्वीस वाचून हसू आलं. सत्ताविसाव्याचं अक्षर हेलनचं होतं.