अंगठ्याचा फोड आणि तुमचं लांबलचक नाव

आदरणीय हिप्पोस्थेनीस दाजींना मेनेक्लीसचा सादर नमस्कार. मॅरेथॉनच्या मळ्यावर तुम्ही, ताई, पोरी आणि दोन्ही घोडे ठणठणीत असाल. मी मात्र नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आला आहे आणि त्याचं पाप तुमच्या मातापित्यांच्या माथी आहे. एवढं लांब नाव ठेवताना, ते कधीतरी कुणाला खापरीवर खिळ्याने कोरावं लागेल, हा विचार त्यांनी करायला नको होता का?

आज चौकात मतदान होतं. यंदा कुणाला दहा वर्षांसाठी अथेन्सबाहेर काढायचं, त्याचं नाव खापरीवर लिहून टाकायचं. आपल्या आळीत लिहिता येणारा मी एकटा (वडिलांची हौस, भोगतोय मी), त्यामुळे जो तो माझ्यापुढे खापरी धरून उभा. पहिला कोळसेवाला दिफिलॉस.

"लिही बाबा, तुझ्या दाजींचं."

"का रे? तुझं काय वाकडं केलंय त्यांनी?"

"घोडे पाळतात."

"दोनच आहेत!"

"आज दोन, उद्या चार, परवा आमच्या डोक्यावर हुकूमशहा. एक हाकलता हाकलता आमचे बाप म्हातारे झाले."

दुसऱ्याच कुणाचं नाव खरडावं, असं मनात आलं (त्याला काय कळतंय!). पण खापरी हातात घेऊन प्रत्येक जण विचारी, "नीट लिहिलंस ना, मेनेक्लीस?" आणि त्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. एक्केचाळीस वेळा, दाजी.

आता कुंपणाआड मोजणी चालू आहे. एकूण सहा हजार खापऱ्या भरल्या नाहीत, तर सगळंच रद्द. भरल्या, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत चालू पडायचं. पाच हजार आठशे झाल्या. दोन टोपल्या बाकी आहेत. मी नखं खात होतो, पण अंगठा दुखतो म्हणून तीही सोय गेली.

आपला,
मेनेक्लीस

ता. क. सहा हजार चौदा.

पुन्हा ता. क. तुमचंच नाव. मासळीची गाडी तिकडे निघाली आहे, म्हणून थोडक्यात. ताई आणि पोरी दहा वर्षं माझ्याकडे राहतील, त्यात बोलायचं काही नाही. घोडे मात्र पाठवू नका. दिफिलॉस समोरच राहतो आणि त्याला मोजता येतं.

आणखी एक. नवी दारू उघडायच्या सणाला तुमची सुरई उसनी नेली होती. ती माझ्या हातून फुटली, सांगायचा धीर झाला नाही. तिचाच एक तुकडा आज सकाळी माझ्या मतासाठी नेला होता. तो सोबत परत करतो. कोरा आहे.