थंड पाणी कुणाला द्यायचं

आई, आज आमच्या ऑफिसातला एसी बंद पडला, सगळे चिडले, आणि मला तुझी प्लांटरूम आठवली. नवं राज्य झाल्यावर रायपुरात उभ्या राहिलेल्या त्या मोठ्या दवाखान्याचं तळघर. तिथली तू एकटीच बाई ऑपरेटर, तीही ठेक्यावर. कॉलेज सुटलं की मी येऊन तुझ्याजवळ बसायची. मशीनच्या घरघरीत तू ओरडून सांगायचीस, "हे थंडी बनवत नाही पोट्टे, गरमी उचलून बाहेर फेकते." चिलरमध्ये, म्हणजे त्या मोठ्या मशीनमध्ये, गार झालेलं पाणी पंपानं माळ्यामाळ्यावर चढायचं, तिथले पंखे त्या गार नळ्यांवरून हवा खोल्यांत सोडायचे, आणि खोल्यांची गरमी घेऊन पाणी तुझ्याकडे परत. ती गरमी शेवटी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून आभाळात जायची.

मे महिन्यातली ती दुपार. दोनपैकी एक चिलर अचानक बंद पडतो. उरलेल्या एकाच्यानं सगळी इमारत गार राहणार नाही, आणि वर थिएटरात एका बाईचं ऑपरेशन चालू आहे. तू फोनवर मेकॅनिकला बोलावतेस आणि दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मजल्याचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवून बंद करतेस. मग मीटिंग हॉलचा, म्हणजे गार पाणी थिएटरला पुरेल. थोड्या वेळानं घामानं भिजलेले मोठे साहेब स्वतः खाली येतात.

"किसने बंद किया?"

"मैंने, सर. ऊपर ऑपरेशन चल रहा है. डॉक्टर का पसीना मरीज पर गिरेगा."

"नौकरी करनी है कि नहीं?"

"करनी है, सर. ऑपरेशन होते ही खोल दूँगी."

मी भीतीनं तुझा पदर धरला होता. साहेब रुमालानं घाम पुसत वर गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी सर्जन डोक्यावरची टोपी न काढताच तळघरात उतरले, तुला शोधत. तू त्यांना स्टूल दिलंस, आपल्या थर्मासातला चहा दिलास. नोकरी राहिली. साहेबांनी पुढं कधी विषय काढला नाही, पण आठवड्याभरात तुझ्या त्या भट्टीसारख्या खोलीत मोठा एक्झॉस्ट पंखा लागला. तू हसून म्हणालीस, "हव, समजलं मले."

हे पत्र कुठं टाकणार, आई? तुला जाऊनही आता खूप वर्षं झाली. सगळ्यांना मी सांगते की त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. तो वाटलाच. पण त्याहून जास्त तुझ्या धिटाईचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.