पाटावरची पिन

हेन्डरसन, ऑकलंड
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०१७

तीर्थस्वरूप जगदीशदादास,

चारूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घे. मंगळवारपासून कंबर वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? आशालतावहिनींच्या टोमॅटोच्या रोपांना यंदा थंडी बाधली नाही ना? ख्राइस्टचर्चात अजून काही पाडायचं शिल्लक आहे, की आता नुसतं बांधायचंच? भूकंपात वरून धडधाकट दिसणारी भिंत आतून कशी हललेली असते, हे तू सहा वर्षं तपासतोयस. तशीच माझी अवस्था आहे. बाकी आम्ही तिघं खुशाल. ऋचाला शाळेची सुट्टी आहे, म्हणून मी आठवडाभर रजा घेऊन घरी बसलोय, आणि घरी बसल्यामुळेच हे सगळं घडलं.

आधीच सांगून ठेवतो, या पत्रात श्रीनाथबद्दल एकही वाईट शब्द येणार नाही. आम्ही पुण्याहून एकाच विमानाने आलो, पापाटोएटोला एका खोलीत राहिलो, एकाच कुकरात भात लावला. त्याला नोकरी माझ्या आधी तीन आठवडे लागली. रेसिडेन्सी माझ्या आधी पाच महिने मिळाली. घर त्याने माझ्या आधी घेतलं, आणि घेतलं कुठे, तर बरोबर माझ्या घरासमोर! (म्हणजे मी नंतर त्याच्यासमोर घेतलं. पण ते सुमेधाला आवडलं म्हणून.) हे सगळं मी हसतमुखाने गिळलं, दरवेळी पेढेही खाल्ले. पण ऑगस्टमध्ये त्याने कॅरॅव्हॅन घेतली, आणि ती काही घशाखाली उतरेना.

साधी नाही हं. चार चाकांची, सहाजण झोपतील एवढी, आत फ्रिज आणि बाहेर उघडणारी पट्ट्यापट्ट्यांची कनात. ती त्याच्या अंगणात उभी आहे आणि आमच्या ओट्यावरच्या खिडकीतून अख्खी दिसते. पूर्वी दहा मिनिटांत भांडी विसळणारी सुमेधा आता अर्धा तास विसळते. मी पडदा ओढला की ती सरकवते. एकदा म्हणाली, आत ओव्हनसुद्धा आहे म्हणे. मी म्हटलं, ओव्हन आपल्याकडेही आहे. तर म्हणाली, आपला कुठे जात नाही. मला हेवा वाटतो, दादा. लिहून टाकलं एकदाचं. ऋचाने तर तोंडावर सांगितलं, "बाबा, यू आर सो जेलस." तिला मराठी सगळं कळतं, पण असलं काही बोलायचं असलं की इंग्रजीतच बोलते.

आता श्रीनाथ हा सॉफ्टवेअरमधला माणूस. बल्ब बदलायचा झाला तरी आधी व्हिडिओ बघतो. मी भोसरीत अकरा वर्षं कंट्रोल पॅनल जोडलेले. म्हणून त्याने कॅरॅव्हॅनचं माहितीपुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "चारू, तू वाच आणि मला काय ते सांग." (कॅरॅव्हॅन घ्यायची त्याने आणि पुस्तक वाचायचं मी!) पण हेव्यापोटी माणूस किती अभ्यास करतो, बघ. इंजिनियरिंगला केला नव्हता इतका केला. दुसऱ्या वाचनाला तर पेन्सिलने खुणाही केल्या. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं तुला सांगतो, कारण पुढचं रामायण त्याच्यावरच आहे. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांडीवर एक लहानशी पेटी असते, तिच्यात बॅटरी. पेटीत एक पिन खोचलेली असते आणि पिनेची तार गाडीला अडकवलेली. चालता चालता कॅरॅव्हॅन गाडीपासून सुटलीच, तर तार ताणून पिन उपसली जाते, आणि बॅटरीच्या जोरावर कॅरॅव्हॅनचे ब्रेक आपोआप लागतात. बॅटरी मेलेली असेल, तर कॅरॅव्हॅन घरंगळत कुठे जाईल ते तिचं तिला ठाऊक. म्हणून बॅटरी चार्ज ठेवायची आणि अधूनमधून पिन काढून चाकं अडकतात का ते बघायचं. मात्र पिन क्षणभरच काढायची. जास्त वेळ बाहेर राहिली तर ब्रेक सारखे लागून राहतात आणि बॅटरी पार उतरते. या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

दसऱ्याला श्रीनाथकडे कॅरॅव्हॅनची पूजा होती. त्याची आई, प्रमोदिनीकाकू, सध्या पुण्याहून आल्या आहेत, त्यामुळे सगळं साग्रसंगीत. अंगणात पाट मांडला, त्यावर जॅक, पाने, पक्कड, किल्ल्या ओळीने ठेवल्या, हळदकुंकू, झेंडूची फुलं. पंचवीस-तीस माणसं. श्रीनाथ सोवळं नेसून यजमान, आणि जो तो त्याचं कौतुक करतोय. मला राहवेना. इथे या वस्तूतलं कळतं कोणाला, हे लोकांना समजायला नको का? मी पुढे झालो, पेटीतली पिन उपसली, सगळ्यांना उंच धरून दाखवली आणि छोटंसं भाषण ठोकलं, की बाकीची नुसती हत्यारं, खरं शस्त्र हे, हेच जीव वाचवतं. लोकांनी माना डोलावल्या. सुमेधासुद्धा माझ्याकडे बघत होती! तेवढ्यात काकू गहिवरून म्हणाल्या, "मग तिचीही पूजा व्हायला हवी रे!" त्यांनी पिन माझ्या हातातून घेतली, पाटावर मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि आरती सुरू केली.

आरतीनंतर मी पिन उचलायला वाकलो तर काकूंनी हात धरला. पूजेतली वस्तू हलवायची नाही, उद्या सकाळी उत्तरपूजा करून मगच. मी खरं तर तिथेच सांगायला हवं होतं, की काकू, ही पिन रात्रभर पाटावर राहिली तर बॅटरी मरेल. तोंड उघडलंही होतं. त्याच क्षणी मागून सुमेधाचा आवाज आला, "श्रीनाथभावजींनी किती हौसेने केलंय ना सगळं!" मी तोंड मिटलं. श्रीखंड वाढलं गेलं. मी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. दादा, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, कुंकवासकट पिन पेटीत परत गेली. सोमवारी मी सहज गेल्यासारखा गेलो आणि पेटीवरचं तपासणीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागायला हवा होता. कुठलाच लागला नाही. आणि हे लोक शनिवारी तुमच्याकडे यायला निघणार. बोटीने तुमच्या दक्षिण बेटावर उतरायचं आणि, किनाऱ्याचा रस्ता गेल्या वर्षीच्या भूकंपापासून अजून बंद असल्यामुळे, घाटाघाटाने यायचं. गाडीत काकू, श्रीनाथची बायको मृणालिनी आणि त्यांची छोटी अनुष्का. त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगायला गेलं, तर तीन वाट्या श्रीखंडाचाही हिशेब द्यावा लागणार!

मग मंगळवारपासून, श्रीनाथ आणि मृणालिनी कामावर गेले की मी माझा चार्जर घेऊन त्यांच्या अंगणात. त्या दांडीपाशी ओणवं होऊन होऊन कंबर गेली ती तेव्हा. दिवसभर चार्ज करायचो, बटण दाबायचो, दिवा मिणमिणायचा आणि पुन्हा विझायचा. काकू व्हरांड्यात स्वेटर घालून बसलेल्या. त्या दर तासाला आल्याचा चहा आणायच्या आणि म्हणायच्या, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतोस रे. मी कप रिकामा करून पुन्हा दांडीपाशी वाकायचो. बुधवारी हात टेकले आणि स्वतः जाऊन नवी बॅटरी आणून बसवली. श्रीनाथच्या कॅरॅव्हॅनला माझ्याकडून बॅटरी! असा अहेर मी माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही केलेला नाही.

काल शेवटची परीक्षा. कॅरॅव्हॅन माझ्या जुन्या गाडीला जोडली, तिचा हँडब्रेक सोडला, पिन उपसली. काकूंना चाकापाशी खुर्ची देऊन सांगितलं, हलतंय का बघा. मी गाडीत बसलो आणि आरशात पाहिलं. दादा, अख्खा आरसा भरून कॅरॅव्हॅन. माझ्या गाडीच्या मागे. मी आरसा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येणारा एक अनोळखी म्हातारा थांबला. "किया ओरा! स्वीट ॲज, मेट! युअर्स?" (म्हणजे नमस्कार, झकास आहे, तुझीच का?) आणि मी म्हणालो, "येस." कसं निघालं तोंडातून ते माहीत नाही. मग तो बघतोय म्हणून ऐटीत गाडी पुढे काढायला गेलो. इंजिन घोंघावलं, पण गाडी तसूभर हलेना. म्हातारा कीव आल्यासारखा माझ्याकडे बघत निघून गेला, आणि मागून काकू टाळ्या वाजवत ओरडल्या, "नाही हललं! चाक मुळीच नाही हललं!" ब्रेक उत्तम लागले होते. मी पिन लगेच परत खोचली. आता हिरवा दिवा लख्ख लागतो.

असो. सगळी मंडळी सुखरूप पोचतील. वहिनींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझा,
चारू

ता. क. १: पत्र लिहिण्याचं खरं कारण. हे पत्र श्रीनाथच आणून देईल. (पाकिटाला दोन्हीकडून चिकटपट्टी लावली आहे. आधी ती तपास.) त्याला चहा द्यायच्या आधी पेटीवरचं बटण दाब आणि दिवा हिरवा आहे का बघ. परतीचाही घाट आहे. आणि हे मी सांगितलं, असं त्याला अजिबात कळू देऊ नकोस.

ता. क. २: किंवा असं कर, कळू दे. जेवताना सगळ्यांसमोर सहज म्हण, की चारू नसता तर या कॅरॅव्हॅनचं काही खरं नव्हतं. त्या वेळी सुमेधाला फोन लावून स्पीकर चालू ठेवलास तर फार बरं होईल.

ता. क. ३: पाकीट पुन्हा फोडलं. आत्ता श्रीनाथ पत्र न्यायला आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, दसऱ्याच्या रात्री त्याने ते पुस्तक उघडलं होतं आणि माझ्या दोन रेघा मारलेलं वाक्य वाचलं होतं. पिन बाहेर आहे हे त्याला माहीत होतं. पण आईची पूजा मोडायचं धैर्य झालं नाही आणि मला सांगायची लाज वाटली. मग आईने सांगितलं, की चारू रोज येऊन राबतोय. "तुझं बघून मला माझीच शरम वाटली रे. मला माफ कर," असं म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणजे बघ, दादा, माफी मागायची पाळी माझी होती. तिथेही हा माझ्या आधी!

ता. क. ४: मी काय केलं म्हणून विचारशील. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मनाने त्याला माफ केलं. त्याने पुढच्या सुट्टीसाठी कॅरॅव्हॅनची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली, तीही घेतली. सुमेधा आत गुणगुणत भांडी विसळतेय, आणि ती किल्ली खिशात टोचतेय. तू दिवा तेवढा बघ, आणि वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.