चिंधीची मागची पावलं

पनवेल,
माघ महिना, १९६१

प्रिय तुळशीराम यास हौसाबायचे अनेक आशीर्वाद.

वेणूची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, भरलेली कळशी एकदम उचलू नकोस, आधी गुडघ्यावर टेकव, मग कमरेवर घे. गणूचा खोकला गेला का? अडुळशाचा काढा तो चुलीमागे नेऊन ओततो असं ऐकलं. लबाड आहे, पण काढा कडू असतो हेही खरंच. ठकीचा कान वाहायचा थांबला असेल तर तिला वाऱ्याची खाडीवर नेऊ नका. शेजारच्या काळूरामदादांनी डॉक्टरला डोळा दाखवला का? शेळी व्यायली का? माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, पण मिठाची पाटी घेऊन रोज बाजारात बसते. बसून करायचा धंदा, त्यात गुडघ्यांनी काय तक्रार करायची!

आज मुद्दाम लिहायला बसले ते चिंधीबद्दल. आठवतं ना, तुझे भाऊजी गेले त्या वर्षी भाईंदरच्या मिठाच्या कोठारातून तूच तिला टोपलीत घालून आणलीस. वरून पोतं बांधलेलं, नि आतून हिचा आरडाओरडा. तू म्हणालास, "बाय, हिला ठेव. घरात कुणीतरी हलतंय असं वाटलं म्हणजे बरं असतं." काळी, पिवळी, पांढरी, शिंप्याच्या दुकानातले उरलेले तुकडे जोडावेत तशी दिसायची, म्हणून नावही तूच ठेवलंस. त्या चिंधीला मधुमेह झालाय. हसू नकोस. मीही आधी हसले होते.

झालं असं, की दिवाळीनंतर ती पाणी फार प्यायला लागली. वाडग्यातलं संपलं की मोरीतलं, तेही संपलं की तुळशीतलं. खायची दोन मांजरांचं, आणि अंग मात्र उतरत चाललेलं. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यावेत. परसात धुण्याच्या दगडापाशी ती लघवीला बसायची, तिथे मुंग्यांची रांग लागायला लागली. मी आपली गूळ कोणी सांडला म्हणून शेजारच्या सोनाबाईच्या पोरांना ओरडले. पण दगड धुतला तरी मुंग्या तिथेच. तेव्हा डोक्यात लखकन प्रकाश पडला, कारण अशा मुंग्यांबद्दल मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते पुढे सांगते.

टोपलीत घालून तिला गुरांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर तरणे आहेत, बैलांच्या खुरांत हात घालून उभे होते. म्हणाले, "बाई, मांजरीचा हा आजार मी पुस्तकात वाचलाय, डोळ्यांनी पाहिला नाही. पण पाहू." मला त्यांचं ते बोलणं आवडलं. धुतलेले खडे परातीत पसरून त्यावर तिला बसवायला सांगितलं, म्हणजे लघवी खाली जमते. ती नळीत घेऊन निळ्या औषधाबरोबर उकळली, तर विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर फार. मुंबईला आपल्या मास्तरांना त्यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं, की हिला दूधभात बंद, नुसती उकडलेली मासळी द्या. थोडे दिवस पाहा, साखर नाही उतरली तर इन्शुलिनची सुई सुरू करा.

हे "थोडे दिवस पाहा" फार वाईट असतं रे. ज्याला सुई नको असते त्याला त्या शब्दांत हवे तेवढे दिवस सापडतात. सोनाबाई कुंपणावरून म्हणाली, "आगो हौसा, मांजरीला कोन सुई टोचतंय का? म्हातारी झालीय ती. तिला सुखानं ऱ्हाव दे नि तू पन ऱ्हा." दुसरी एक म्हणाली, एकदा सुई लागली की मग सुटत नाय, ती शेवटचीच. मला त्यांचं पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. मांदेली उकडून घालत राहिले नि मनाशी म्हटलं, संक्रांत जाऊ दे, मग बघू. चिंधी खात होती, पायात घोटाळत होती. दिसायला काही बिघडलं नव्हतं.

मग एक दिवस ती चुलीच्या ओट्यावर उडी मारायला गेली आणि खाली पडली. मला वाटलं, घसरली. पण चालायला लागली तेव्हा पाहिलं, तिची मागची पावलं टाचेपर्यंत जमिनीला टेकत होती. मांजर कशी बोटांवर चालते, ती तशी चालेना. सशासारखी मागून बसत बसत निघाली. मी तिच्या पावलाला चिमटा काढला. तिने वळूनही पाहिलं नाही. तुळशीराम, ज्या मांजरीच्या शेपटीला वारा लागला तरी ती फिस्कारायची, ती चिमट्याला वळली नाही. 

तशीच उठून दवाखान्यात गेले. म्हटलं, साहेब, आता पाहणं बस झालं, सुई आजच सुरू करा. ते म्हणाले, "बरं झालं आलात. हिचं खाणं चालू आहे तोवर सुईचा उपयोग आहे. खाणं सुटलं, उलट्या लागल्या, तोंडाला सडक्या फळासारखा वास यायला लागला, की मग माझ्या हातात फार काही उरत नाही." औषधाच्या दुकानदाराने मुंबईहून बाटली मागवून दिली. कोणासाठी म्हणून विचारलं, मी सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग म्हणाला, "मावशी, माणसं स्वतःच्या सुईची चिठ्ठी औषध न घेताच इथून परत घेऊन जातात, आणि तुम्ही मांजरीसाठी आलात."

सुई मीच द्यायला शिकले. आधी कच्च्या पपईवर हात बसवला. काचेची पिचकारी उकळायची, बाटली हातात हळू घोळवायची, खदखदा हलवायची नाही. मडक्यात ओली वाळू घालून त्यात बाटलीची डबी ठेवते, म्हणजे गारवा राहतो. चिंधीला आधी खाऊ घालायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून इवलंसं औषध आत सोडायचं. साखर फार उतरून ती लटपटायला लागली तर गुळाचं पाणी हिरड्यांना चोळायचं, ते वाटीत तयारच असतं. पहिल्या दिवशी मी सुई कातडीपाशी नेऊन तशीच मागे घेतली, तेव्हा सोनाबाईने येऊन माझं मनगट धरलं. आणि चिंधी? तिचं लक्ष ताटलीतल्या मांदेलीकडे. तिला कळलंही नाही. ज्याला आम्ही इतके घाबरलो ते तिला मुंगी चावावी एवढंही नव्हतं.

मला तेव्हा गावात देवी टोचायला आलेला तो माणूस आठवला. तू मिठाच्या ढिगामागे जाऊन दडलास, बाबांनी ओढून काढलं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मी तुझा दंड धरला नि म्हटलं, खाडीत बगळे किती ते मोज. तू मोजत राहिलास. तो टोचून, पेटी आवरून पुढच्या घरी गेला, तरी तू मोजतोच आहेस! बाबा हसून हसून खाली बसले होते.

आता चिंधी पाणी बेताने पिते. पाठ भरायला लागलीय. पावलं एकदम सुधारली नाहीत, सुधारतील की नाही ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण परवा ती पायरीवर चढली. ओटा अजून लांब आहे. मी चिमटा काढला, तर रागाने बघून पाय ओढून घेतला. त्या रागावलेल्या नजरेने मला किती बरं वाटलं ते तुला लिहून कळायचं नाही.

आता तुझ्या लक्षात आलं असेल, वर मी सगळ्यांची चौकशी केली, शेळीची सुद्धा, फक्त तुझी नाही केली. तुमच्या मिठागरावरचा काशिराम मागच्या आठवड्यात भाईंदरहून आला, त्याच्याबरोबर वेणूने निरोप धाडला. तिच्यावर रागावू नकोस, ती सांगताना रडत होती म्हणे. त्या मुंग्या मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकल्या होत्या, दिवाळीत, तुमच्या परसातल्या. तेव्हा तू म्हणालास, उष्णता आहे. आता कळतंय की तुझ्या डॉक्टरांनी तुला तेव्हाच सुई सांगितली होती, आणि तू म्हणतोस, मिठाचा हंगाम संपू दे, पावसात बघू. आणि काशिराम निघायच्या आदल्या दिवशी बांधावरून तू घरी आलास तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. चिखलात कधी राहिली ते तुला कळलं नव्हतं. वेणूने पाय धुतला तर तळव्यात शिंपला रुतलेला, रक्त आलेलं, आणि तू विचारतोस, "कुठे? मला तर काहीच नाही." हे ऐकलं तेव्हा चिंधीचं पाऊल माझ्या हातात होतं.

मांजरीला विचारता येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी ठरवलं. तुला विचारते आहे. तुझ्यासाठी दुसरी पिचकारी धुऊन फडक्यात बांधून ठेवलीय. चिंधीला टोचायला आता सोनाबाई तयार आहे, म्हणते, "तू जा गो, मी बघतंय हिला. माजा हात तुज्यापरीस हलका हाय." एसटीने ठाण्याला येईन, पुढे काशिराम आणून सोडील. वेणूचा हात बसेपर्यंत मी तुझ्याकडे राहीन. दंड मीच धरीन. बगळे तुमच्या खाडीतही असतीलच.

लवकर पत्र टाक, हंगामाची वाट बघू नकोस. मोठं लिहायला वेळ नसेल तर नुसतं 'ये' लिही. एकच अक्षर आहे, तेवढ्यावर मी निघेन.

तुझीच,
हौसाबाय