आक्कांनी बाजूला काढलेले बटाटे

९ नोव्हें.
भात निघालं. वरच्या कुणग्यात, शेताच्या त्या लहान तुकड्यात, यंदा बटाटा लावणार. वाडीत कोणी लावलेला नाही. बियाण्याची एक गोणी आणली. दुकानदार म्हणाला, मोठे निवडा, पीकही मोठं येतं. खरं का?

१० नोव्हें.
गोणी पडवीत ओतली. थोरल्या जाऊबाई, आक्का, आल्या. त्यांचा जन्म कणगीचे कंद लावण्यात गेला, बटाटा फक्त भाजीतला. तरी एकेक घेऊन अंगठ्याने दाबला, मोड चाचपले, हुंगला. अर्धे नकोत म्हणून बाजूला. मोठे, देखणे सगळे त्यांतच.
"आक्का, हे बरे दिसतत मा?"
"दिसतत गो. पण मोड बारीक, लांब. हात लावल्यार मोडतत. कणगीचो असो कोंब आमी कधी लावलो नाय."
ठेवलेले अंड्याएवढे, घट्ट, मोड आखूड नि जाड.

११ नोव्हें.
बाजूला काढलेले चार चिरून बघितले. एकात रोगाचं तपकिरी कडं. तीन स्वच्छ. आक्कांना सांगितलं. "एक गावलो मा?" एवढंच.

१२ नोव्हें.
ठेवलेल्यांत काळ्या डागांचे सात निघाले. लांबून दिसतील असे डाग. आक्कांना दिसले नाहीत?
विचारलं. म्हणाल्या, "डाव्या डोळ्यान काय दिसणा नाय. उजव्यान धुकट."
पावसाळ्यापासून. घरात कोणालाच माहीत नाही. "सांगलंय तर माका शेतात कोण येवक देतलो?"

१५ नोव्हें.
दोन सरी. एक आक्कांची, एक बाजूला काढलेल्यांची.
"ते कित्याक लावतंस?"
"बघूया म्हटलंय."
वाटलं रागावतील. हसल्या. "बघ. माका पण कळांदे."

२ डिसें.
आक्कांची सरी आधी उगवली, दाट. दुसरी मागून, विरळ. पण आलेत त्यांची पानं रुंद.

६ जाने.
दुसऱ्या सरीतली दोन रोपं हिरवीच सुकली. बाकीची आक्कांच्या रोपांपेक्षा उंच. काय समजायचं...

११ जाने.
आक्का बांधावरून पडल्या. लागलं नाही. तरी मीच भावजींना, त्यांच्या यजमानांना, डोळ्यांचं सांगून टाकलं. सोमवारी सावंतवाडीला तपासणी. आक्का माझ्याशी बोलत नाहीत.

१२ जाने.
सकाळी आक्का कुणग्यात, दुसऱ्या सरीत उकिडव्या. जवळ गेले. न बोलता माझा हात ओढून एका रोपाच्या बुडाशी ठेवला. माती फुगून भेगाळलेली, खाली बटाटा मोठा होतो तशी.
"माझ्या सरीत अशी खंय नाय," म्हणाल्या. "काढून बघूया?"
अजून कोवळे असतील म्हटलं. सोमवारनंतर बघू.
"तेव्हा माका दिसतला?"
त्यांचा हात परत त्या भेगेवर ठेवला. दोघी तिथेच बसून राहिलो.